सॉल्वेच्या भरतीत

नदी सागराला मिळते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या काव्यातली नदी एकदा माहेर सोडून निघाली, की मागे वळून पाहात नाही. परंतु दाभोळ, जयगड किंवा विजयदुर्ग यांसारख्या खाड्यांच्या काठी ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना या कथेची दुसरी बाजूही ठाऊक असते. दिवसातून दोन वेळा सागरच नदीला भेटावयास येतो. गोडे पाणी थबकते, मग उलट वाहू लागते, आणि समुद्रापासून कित्येक मैल आत असलेल्या गावातली चिखलात रुतलेली होडी हळूहळू तरंगू लागते. अशा भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगात ठिकठिकाणी मासेमारीच्या निरनिराळ्या रीती निर्माण झाल्या. त्यांपैकी एका फार जुन्या रीतीचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. ही रीत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरील सॉल्वे नावाच्या खाडीत आढळते, आणि तिचा संबंध सॅमन या माशाशी आहे.

प्रथम नावाविषयीचा एक घोटाळा दूर केलेला बरा. आपल्याकडील उपाहारगृहांत रावस माशाला पुष्कळदा ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. रावस चवीला उत्तम असेल, परंतु सॅमनच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. स्वभावाने सॅमनला जवळचा असा आपल्या देशातला मासा शोधावयाचा झाल्यास तो हिलसा होय. बंगाली माणसाचा जीव की प्राण असलेला हा इलिश समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदी चढून येतो. कुळ निराळे असले, तरी सॅमनचा जीवनक्रमही असाच आहे.

युरोपच्या नद्यांत येणाऱ्या सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, थंड, निर्मळ, खळखळत्या पाण्यात होतो. शरदाच्या अखेरीस किंवा हिवाळ्यात मादी शेपटीने तळाची वाळू-गोटे उकरते आणि त्या खळग्यात अंडी घालते. वसंतात पिले बाहेर पडतात. एक ते चार वर्षे ती नदीतच राहतात. त्या वेळी ती बोटभर लांबीची, अंगावर ठिपके असलेली असतात. मग एका वसंतात त्यांच्यात विलक्षण पालट होतो. अंगाला रुपेरी झळाळी येते, खारे पाणी सोसण्याची शक्ती येते आणि ती थव्याने सागराकडे निघतात. स्कॉटलंडच्या नद्यांतली ही पिले फेरो बेटांच्या व ग्रीनलंडच्या बाजूच्या थंड समुद्रात चरावयास जातात. तेथे एक, दोन किंवा अधिक हिवाळे काढून ती परत फिरतात, आणि त्यांतली बहुतेक पुन्हा आपल्या जन्मनदीतच येतात.

एवढ्या अफाट समुद्रातून मासा आपली नदी कशी ओळखतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडलेला होता. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर हॅस्लर यांनी असे सुचविले, की प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती व वनस्पती यांमुळे स्वतःचा असा गंध असतो आणि तो पिलाच्या स्मृतीत कायमचा ठसतो. पुढे १९७०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन सरोवराच्या परिसरात एक प्रयोग केला. सॅमनच्या पिलांना एका विशिष्ट रसायनाच्या वासाची सवय लावून त्यांनी ती सरोवरात सोडली, आणि नंतर तोच वास एका ओढ्यात सोडताच मोठे झालेले मासे त्या ओढ्यात चढून आले. खुल्या समुद्रात पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वाट दाखवीत असावे, असे आज मानले जाते. परंतु घराचा उंबरठा ते नाकानेच ओळखतात.

हा उंबरठा म्हणजेच खाडी. येथे माशाला थोडे थांबावे लागते. समुद्रात असताना तो खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीत शिरल्यावर ही सगळी व्यवस्था उलटी करावी लागते. शिवाय नदीत पुरेसे पाणीही हवे. पाऊस नसेल, नदी आटलेली असेल, तर सॅमन भरतीबरोबर आत येतो, ओहोटीबरोबर मागे सरकतो आणि पुराची वाट पाहात राहतो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेणेही थांबवितो. साठविलेल्या चरबीवर तो पुढचा सारा प्रवास करतो. म्हणून खाडीतला सॅमन अंगाने भरलेला आणि चवीला सर्वोत्तम असतो. माणसाने त्याला गाठण्यासाठी नेमकी हीच जागा निवडावी, यात नवल नाही.

सॉल्वेची खाडी नकाशावर पाहिली तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या नरसाळ्यासारखी दिसते. तिच्या उत्तरेस स्कॉटलंडचा डम्फ्रीजचा प्रदेश आणि दक्षिणेस इंग्लंडचा कम्ब्रिया. नीथ, ॲनन, एस्क, ईडन अशा कितीतरी नद्या तिला मिळतात. दक्षिण काठावरील बोनेस या खेड्यापाशी रोमन सम्राट हेड्रियन याने इसवी सन १२२च्या सुमारास बांधावयास घेतलेल्या प्रसिद्ध भिंतीचे पश्चिम टोक होते. खाडी आत जाता जाता अरुंद व उथळ होत गेल्यामुळे भरतीचे पाणी कोंडले जाते आणि उंच चढते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साधारण साडेचार मीटर चढते. सॉल्वेत उधाणाच्या भरतीला ते आठ मीटरांच्या आसपास जाते. ओहोटीला मैलोगणती वाळू उघडी पडते, आणि भरती परतते तेव्हा ती या सपाट वाळूवरून इतक्या वेगाने येते, की अनोळखी माणसाला पळावयासही अवसर मिळू नये. वाळूत जागोजाग पाय रुतवणारी दलदल असते ती निराळीच. सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेडगॉन्टलेट’ या कादंबरीत याच वाळूवर घोडेस्वार भाल्यांनी सॅमनची शिकार करताना दिसतात, आणि तरुण नायकाला भरती गाठते तेव्हा त्यांच्यातलाच एक स्वार त्याला वाचवितो.

अशा या खाडीत ‘हाफ’ नावाचे जाळे वापरतात. ‘अर्धा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी या नावाचा संबंध नाही. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या जुन्या भाषेत ‘हाफ’ म्हणजे समुद्र. सुमारे हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग दर्यावर्दी या किनाऱ्यावर येऊन वसले, त्यांनीच ही रीत आणली असे मानतात. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याने १५३८ साली दिलेल्या सनदेवर ॲनन गावचे मच्छीमार आपला हक्क सांगत आले आहेत.

जाळ्याची रचना अगदी साधी आहे. सुमारे पाच मीटर लांबीचा एक लाकडी दांडा, त्याला काटकोनात जोडलेले तीन पाय – दोन टोकांना दोन आणि मध्ये एक – आणि या चौकटीला बांधलेले सैल जाळे. मधला पाय लांब असतो आणि दांड्याच्या वरपर्यंत येतो, तीच मूठ. माणूस छातीइतक्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, चौकट आपल्यापुढे आडवी धरतो, आणि पाण्याच्या जोराने जाळे त्याच्या दोन्ही अंगांनी मागे फुगून दोन पिशव्या तयार होतात. आपल्या कोळी बांधवांची डोल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व चटकन उमगेल. डोलीचे तोंडही प्रवाहाकडे असते आणि पाणीच मासा आत आणून देते. फरक इतकाच, की डोल समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधतात, आणि येथे खांबाचे काम माणूस स्वतः करतो.

जुलै महिन्यातील एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. त्या अक्षांशावर सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणून आपल्या दृष्टीने रात्र असताना तेथे लांबलचक, पिवळसर संध्याकाळ पसरलेली असते. पश्चिमेला नीथच्या मुखापलीकडे क्रिफेलचा डोंगर, दक्षिणेला पाण्यापलीकडे कम्ब्रियाच्या टेकड्यांची निळी रेघ. दिवसाची कामे आटोपून सात-आठ स्नेही खांद्यावर चौकटी घेऊन वाळूवरून चालत येतात. आता कोणाचे पोट एवढ्यावर अवलंबून नसते. कोणी शेतकरी, कोणी कारागीर, कोणी नोकरीतून निवृत्त झालेला. छातीपर्यंत येणारे रबरी कपडे चढवून ते पाण्याच्या कडेला थांबतात आणि मग पहिली गोष्ट करतात ती चिठ्ठी टाकण्याची.

ही चिठ्ठी जागेसाठी असते. हे लोक एकेकटे मासे धरीत नाहीत. काठापासून खोल पाण्याकडे एका ओळीत, चौकटीला चौकट भिडवून, ते उभे राहतात. म्हणजे सगळ्यांचे मिळून एकच लांब कुंपण तयार होते. परंतु ओळीतल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. मासा कधी खोल पाण्याच्या धारेने येतो, तर कधी कडेच्या उथळ पाण्यातून. ज्याची जागा चांगली त्याच्या जाळ्यात मासा येण्याचा संभव अधिक. म्हणून वय, मान, पैसा यांपैकी काहीही न पाहता जागा नशिबावर सोपविली जाते. त्यातही एक गंमत आहे. भरती चढत जाते तसे खोल टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत पाणी येते. मग तो आपली चौकट उचलतो, सगळ्यांच्या मागून चालत येतो आणि काठाकडच्या टोकाला पुन्हा उभा राहतो. थोड्या वेळाने त्याच्या शेजाऱ्याची तीच पाळी. अशा रीतीने एका भरतीत सबंध ओळ काठाकडे सरकत राहते आणि जागांची अदलाबदल आपोआप होते. ज्याच्या जाळ्यात मासा येईल, तो त्याचा. परंतु संधी मात्र सर्वांची.

प्रत्यक्ष मासा येण्याचा क्षण फार थोडा वेळ टिकतो. सॉल्वेचे पाणी गाळाने मातकट असते. त्यात काही दिसत नाही. मच्छीमार जाळ्याचा थोडासा भाग बोटांत सैलसा धरून ठेवतो आणि सारे लक्ष त्या बोटांत असते. गप्पा चाललेल्या असतात. कोणाच्या गाईला वासरू झाले, कोणाचा मुलगा परगावी नोकरीला लागला. तेवढ्यात एकाच्या बोटांना धक्का जाणवतो. तो बोलता बोलता थांबतो, चौकटीचे पाय एका झटक्यात पाण्यावर उचलतो, आणि जाळ्याची पिशवी मिटते. चार-पाच किलोंचा मासा आत तडफडत असतो. शेजारचा हात सोडून मदतीला येऊ शकत नाही, कारण त्याने जागा सोडली तर कुंपणाला भगदाड पडेल. बहुतेक संध्याकाळी मात्र यांपैकी काहीच घडत नाही. दोन तास गार पाण्यात उभे राहून ही मंडळी रिकाम्या हातांनी परततात आणि दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा, चंद्राने ठरविलेल्या वेळी, पुन्हा येतात.

या रीतीत संयम बाहेरून लादलेला नाही, तो रचनेतच आहे. माणूस जेवढा वेळ पाण्यात टिकेल तेवढाच वेळ जाळे चालते. पाणी गळ्याशी आले की थांबावेच लागते. वादळात, धुक्यात, थंडीच्या दिवसांत मासा निर्धास्तपणे वर जातो. त्यावर कायद्याचीही बंधने होतीच. जुन्या स्कॉटिश कायद्यात नदीतील बांधांना शनिवार ते सोमवार एक फट उघडी ठेवावी लागे, तिला ‘शनिवारची फट’ म्हणत. आजही स्कॉटलंडमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत सॅमनसाठी जाळे टाकता येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याची जी चाल आहे, तिच्यामागची समजूत याहून निराळी नाही.

आणि तरीही सॅमन कमी होत चालला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२३मध्ये अटलांटिक सॅमनचा समावेश संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत केला. २००६ ते २०२० या काळात जगातील त्याची संख्या २३ टक्क्यांनी घटली, असा त्या संघाचा निष्कर्ष आहे. ग्रेट ब्रिटनमधील सॅमनला तर त्याच वेळी ‘संकटग्रस्त’ ठरविण्यात आले. याची कारणे अनेक आहेत. समुद्र तापत आहे आणि थंड पाण्यातले त्याचे अन्न स्थान बदलत आहे. नद्यांवर बांध आहेत, शेतीतील व वस्तीतील घाण पाण्यात येते, उन्हाळ्यात उथळ ओढ्यांचे पाणी पिलांना सोसवणार नाही इतके तापते. समुद्रात पिंजरे टाकून जो सॅमन पाळला जातो, त्याच्या अंगावरच्या उवांसारख्या जिवांचा उपसर्ग जवळून जाणाऱ्या रानटी पिलांना होतो. आज मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत जो अटलांटिक सॅमन ताटात येतो, तो जवळजवळ नेहमी असा पाळलेलाच असतो. दुकाने सॅमनने भरलेली आणि नद्या रिकाम्या होत असलेल्या, असा हा विचित्र काळ आहे.

२०१६ साली स्कॉटलंडच्या सरकारने उपाय योजिले. किनाऱ्यालगतच्या समुद्रात सॅमन धरून ठेवण्यास बंदी झाली. प्रत्येक नदीत पुढच्या पिढीसाठी पुरेशी अंडी पडण्याचा संभव किती, याचा हिशेब दरवर्षी मांडून नद्यांचे तीन वर्ग पाडण्यात येऊ लागले. हा संभव शेकडा ८०हून अधिक असेल तर पहिला वर्ग, ६० ते ८० असेल तर दुसरा आणि ६०च्या खाली असेल तर तिसरा. तिसऱ्या वर्गातील नदीत गळाने असो की जाळ्याने, हाती आलेला प्रत्येक सॅमन जिवंत सोडून द्यावयाचा. याचा परिणाम हाफ जाळेवाल्यांवरही झाला. हजार वर्षे जो मासा ते घरी नेत आले, तो आता जाळ्यातून काढून पुन्हा पाण्यात सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली.

नियमांचे मसुदे करण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांपैकी मी एक असल्यामुळे या प्रसंगाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते. नियम करणाऱ्यांची चूक होती असे म्हणवत नाही. नदीत शंभर मासे चढावयास हवे असतील आणि साठच चढत असतील, तर त्या साठांपैकी प्रत्येकाचे मोल आहे, आणि तो जाळ्यात मेला की गळाला लागून मेला याला महत्त्व उरत नाही. परंतु प्रशासनाच्या अनुभवातली एक गोष्ट येथेही दिसते. तापणाऱ्या समुद्राला नोटीस बजावता येत नाही. शेकडो ओढ्यांत झिरपणारी घाण शोधावयास वर्षे लागतात. पिंजऱ्यांच्या धंद्यामागे भांडवल असते, रोजगार असतो, वकील असतात. पाण्यात छातीपर्यंत उभा असलेला माणूस मात्र काठावरून दिसतो, त्याची नोंद असते, आणि त्याच्यापर्यंत नियम त्याच दिवशी पोहोचतो. ज्याने सर्वांत थोडे नेले, तोच सर्वांत आधी हाताशी सापडतो. नियम योग्य असूनही ओझ्याची वाटणी अन्यायाची होऊ शकते, आणि ही वाटणी सुधारण्याचे काम नियम लागू झाला म्हणजे संपत नाही.

हा प्रश्न सॉल्वेपुरता नाही. १९७५ साली गंगेवर फराक्क्याचा बंधारा सुरू झाला. कलकत्त्याच्या बंदरात पाणी राहावे हा त्याचा हेतू होता आणि तो हेतू क्षुद्र नव्हता. परंतु पूर्वी प्रयागपर्यंत चढून जाणारा हिलसा त्या बंधाऱ्याशी अडला, आणि बिहार व उत्तर प्रदेशातील कितीतरी कोळ्यांच्या जाळ्यांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. त्या कोळ्यांनी हिलसा संपविला नव्हता. बंधाऱ्याचा निर्णयही त्यांचा नव्हता. सॅमन काय किंवा हिलसा काय, समुद्र आणि नदी या दोन्हींवर ज्याचे जीवन विसंबून आहे, त्याला वाटेत कोठेही अडवले तरी तो संपतो, आणि त्याच्यामागून त्याला ओळखणारी माणसेही संपतात.

कारण येथे केवळ मासाच पणाला लागलेला नाही. वाळूतली दलदल कोठे सरकली आहे, कोणत्या वाऱ्यात भरती लवकर येते, उधाणाचे पाणी आणि भांगाचे पाणी यांत मासा कोणत्या बाजूने येतो, बोटांना लागलेला धक्का माशाचा की वाहून आलेल्या शेवाळाचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते पाण्यात शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसाकडूनच शिकावे लागते. मासा घरी नेता येत नसेल तर तरुण मुलगा गार पाण्यात दोन तास का उभा राहील, ही त्या किनाऱ्यावरील वडीलधाऱ्यांची खरी चिंता आहे.

तरीही काही माणसे उभी राहतात. मासा सोडून द्यावयाचा आहे हे ठाऊक असताना चिठ्ठ्या टाकतात, ओळ धरतात, पाणी चढले की एकेक करून काठाकडे सरकतात. जाळ्यात आलेला सॅमन दोन्ही हातांनी पाण्यात धरून त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात, आणि कल्ले नीट हलू लागले की हात सैल करतात. तो मासा पाऊस पडेपर्यंत खाडीतच घुटमळतो आणि पहिल्या पुराबरोबर आपल्या ओढ्याचा वास घेत वर जातो. नद्या पुन्हा भरल्या, तर जाळे कसे धरावे हे जाणणारा कोणीतरी तोवर किनाऱ्यावर शिल्लक असला पाहिजे, एवढ्याचसाठी त्यांची ही धडपड आहे.